पामतेल गिरण्यांमागची तळी

मलेशियातल्या बहुतेक पामतेल गिरण्यांच्या मागे काळपट, बुडबुडे सोडणाऱ्या तळ्यांची रांग दिसते. या रांगेमागे एक कायदा आहे.

तेल-पाम मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. मलायात, म्हणजे आजच्या द्वीपकल्पीय मलेशियात, त्याची व्यापारी लागवड १९१७ साली सेलांगोरमध्ये सुरू झाली, पण ती फोफावली १९६० नंतर, रबराला पर्याय हवा होता तेव्हा. फळांचे घड वाफेवर शिजवायचे, पिळायचे, तेल गरम पाण्यात निवळायचं. एक टन तेलामागे अडीच-तीन टन सांडपाणी उरतं. त्यात कुठलंही रसायन घातलेलं नसतं, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण फळाचा गर आणि तेलाचा अंश इतका असतो, की त्याची बीओडी, म्हणजे ते कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरमागे सुमारे २५,००० मिलिग्रॅम भरते. घरगुती सांडपाण्याच्या जवळजवळ शंभरपट! हे पाणी थेट नदीत गेलं की मासे गुदमरून मरायचे.

१९७४ चा पर्यावरण कायदा आणि १९७७ चे खास पामतेलासाठीचे नियम यांनी हे रोखलं. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती पायऱ्यांची. जुलै १९७८ मध्ये बीओडीची मर्यादा लिटरमागे ५,००० मिलिग्रॅम होती, १९८४ मध्ये ती १०० वर आली. पहिल्या वर्षी जादा शुल्क भरून मर्यादा ओलांडता येई. दुसऱ्या वर्षापासून ती सक्तीची झाली. तंत्र शोधायला गिरण्यांना वेळ मिळाला, पण पळवाट मिळाली नाही.

सापडलेलं तंत्र साधं होतं. मळ्यात जागा मुबलक, हवा बारमाही उबदार. पाच-सात मीटर खोल तळ्यात तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे एक प्रकारचे जिवाणू गराची आम्लं बनवतात, दुसरे त्या आम्लांचा मिथेन करतात. महिना-दीड महिन्यात बहुतांश घाण संपते, उरलेली पुढच्या उथळ तळ्यांत. वीज जवळपास लागत नाही. तळाचा गाळ खत म्हणून मळ्यात जातो.

नद्यांवरचा भार हलका झाला, पण मिथेन मोकळा हवेत जात राहिला. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. क्योटोच्या हवामान करारानंतर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे असे वायू हवेत जाऊ न दिल्याबद्दलचे, पैसे मिळू लागले, तेव्हा काही गिरण्यांनी जुन्या तळ्यांवरच जाड प्लॅस्टिकचं आच्छादन घालून वायू साठवायला आणि त्यावर वीज बनवायला सुरुवात केली. २०१४ पासून मलेशियात नव्या गिरण्यांना वायू पकडण्याची सोय बंधनकारक झाली.