गणवेशाची सक्ती हवी की ड्रेस कोड पुरे?

शाळेत गणवेश सक्तीचा असावा का, या वादात एकाच्या डोक्यात गणवेश असतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात ड्रेस कोड. मग कितीही बोललं तरी गाडी पुढे सरकत नाही.

गणवेशात काय घालायचं ते शाळा ठरवते: रंग, कापड, खिशावरचं बोधचिन्ह. ड्रेस कोडमध्ये शाळा फक्त काय चालणार नाही ते सांगते, बाकी घरात असतील ते कपडे चालतात. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली, तेव्हा तिथल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नव्हताच. म्हणजे कपड्यांवर कडक बंधन आलं की गणवेशही आला, असं नाही.

खरा फरक आहे तो खर्चाचा. वाढत्या अंगाला म्हणून शिवणीत माया सोडतात, खालची पट्टी उसवून लांबी वाढवतात, तरी वर्षभरात कपडा आखूड होतोच. साधा पांढरा शर्ट कुठेही मिळतो. त्यावर शाळेचं बोधचिन्ह हवं म्हटलं, की ठरावीक दुकान आणि ते सांगेल ती किंमत. इंग्लंडमध्ये या खर्चावर लगाम घालायला २०२१ मध्ये कायदा करावा लागला. गंमत नाही, फार गंभीर गोष्ट आहे ही, कारण गणवेशाचं समर्थन आपण गरिबांच्या मुलांच्या नावाने करतो. लंडनमध्ये १५५२ साली गरीब मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा निघाली, तिच्या निळ्या झग्यांवरून ती आजही ओळखली जाते. पण तिथे कपडे शाळाच देते. केनियात मुलांना मोफत गणवेश दिल्यावर सुरुवातीला तरी गैरहजेरी बरीच घटली. माझ्या मते हे श्रेय सक्तीचं नाही, फुकट मिळालेल्या कपड्यांचं आहे.

शिस्तीचा मुद्दा मला कच्चा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये १९९४ पासून गणवेश आला आणि गुन्हे घटल्याचा गाजावाजा झाला, पण त्याच काळात तिथे इतरही उपाय चालू होते. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात गणवेशाचा हजेरीवर किंवा वर्तनावर थेट परिणाम आढळला नाही.

ड्रेस कोड स्वस्त पडतो, पण त्याचा जाच वेगळा. ‘शोभेल असा पोशाख’ म्हणजे काय, हे त्या दिवशी दारात उभे असलेले शिक्षक ठरवतात, आणि टोकलं जातं ते बहुधा मुलींना. शिवाय नियम निवडक लावता येतो. अमेरिकेत १९६५ साली व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून आलेल्या विद्यार्थ्यांना डी मॉइनच्या शाळांनी निलंबित केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ च्या निकालात न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली आणि याही गोष्टीवर बोट ठेवलं, की इतर राजकीय बिल्ले त्या शाळांना चालत होते.

गणवेशाचा खर्च शाळा किंवा सरकार उचलत असेल, तर माझा सक्तीला विरोध नाही. तो पालकांच्या माथी मारणार असाल, तर चार ओळींचा स्पष्ट ड्रेस कोड बरा. मुलामुलींना एकच, आणि लांबी-रुंदी मोजायला कुणी दारात उभं न राहणारा. दोन्हीपैकी काहीही निवडा, पण कपड्यांवरून मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही, हे त्याच नियमावलीत लिहून ठेवा.