फादरांची सेमिनरी, पाळकांची सेमिनरी

सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी निवासी शाळा. पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेमिनरी’ म्हणालात तर तो तुम्हाला नगर रस्त्याने रामवाडीला नेईल, नाहीतर पार दुसऱ्या टोकाला बिबवेवाडीला. घोळ पत्त्यापुरताच असता तर चाललं असतं. ‘अमक्याचा मुलगा सेमिनरीत गेला’ म्हटलं की आपल्याकडे लगेच हळहळ सुरू होते, की एवढा शिकलेला पोरगा आणि आता लग्न करणार नाही! लग्न न करण्याचं बंधन कॅथलिक फादरांना; प्रोटेस्टंट पाळक, म्हणजे पास्टर, व्हायला गेलेला असेल तर तो कदाचित बायको आणि कडेवरचं मूल घेऊनच गेलेला असतो.

रामवाडीची पेपल सेमिनरी कॅथलिकांची. पोप तेरावे लिओ यांनी ती १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत काढली. १९५५ मध्ये ती पुण्यात आली. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी प्रोटेस्टंटांची. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलली.

सेमिनरी या शब्दाचं लॅटिन मूळ रोपवाटिकेचं आहे, आणि कॅथलिकांनी तो अर्थ अक्षरशः घेतला. धर्मप्रांतासाठी, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागासाठी, फादर व्हायचं तर आधी धर्मप्रांताने उमेदवार म्हणून स्वीकारावं लागतं, मग बिशप सेमिनरीत पाठवतात. तत्त्वज्ञान निदान दोन वर्षं, थिऑलॉजी म्हणजे ईश्वरविद्या निदान चार. त्याआधीची आणि मधली तयारीची वर्षं धरली तर घरच्यांना मोजदाद ठेवणं कठीण जातं. पेपल सेमिनरीची मुलं तासांना शेजारच्या ज्ञानदीप या कॅथलिक शिक्षणसंस्थेत जातात. म्हणजे वर्ग एकीकडे, सेमिनरी दुसरीकडे. मग सेमिनरीत होतं काय? पहाटेची प्रार्थना, रोजची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), सगळ्यांबरोबर जेवण, ठरलेल्या वेळी मौन. थोडक्यात, जन्मभर एकट्याने राहण्याचा सराव.

या व्यवस्थेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. मन डळमळतंय, कुणी आवडू लागलंय, सगळं सोडावंसं वाटतंय, हे त्याच्यापाशी बोलायचं. पण मुलाला गुरुदीक्षा द्यायची, म्हणजे फादर करायचं, की घरी पाठवायचं हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचं मत विचारायचंच नाही, असा चर्चचा कायदा आहे. निर्णयात रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, असतात, ज्याला सगळं ठाऊक असतं तो गप्प. आपल्या किती वसतिगृहांत अशी सोय आहे?

पाळकांच्या सेमिनरीत राहणं आहे, उपासना आहे, रविवारी कुठल्यातरी मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) जाऊन उपदेश करण्याचा सरावही आहे. पण आवारात दोरीवर लहान मुलांची झबली वाळत असतात. तिथली ओळखीची पदवी म्हणजे बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), पदवीधराला साधारण चार वर्षं. ती बहुतेक ठिकाणी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची असते. सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती, म्हणून त्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिली. ग्रीक किंवा हिब्रू व्याकरणाशी झटापट करताना बी. डी.चे विद्यार्थी हा इतिहास फारसा आठवत नसावेत.

पाळकांच्या सेमिनरीत मुलीही शिकतात आणि पुढे पाळकही होतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. कॅथलिकांकडे ज्ञानदीपमध्ये सिस्टर्स तीच थिऑलॉजी शिकतात, परीक्षा देतात, वर शिकवूही शकतात. गुरुदीक्षा मात्र त्यांना नाही.

बी. डी. झालं म्हणजे पाळक झाला, असंही नाही. पदवी सेमिनरीची, दीक्षा मंडळीची. कुणी पदवी घेऊन शिकवायला जातो, कुणी सामाजिक संस्थेत. उलट स्वतंत्र मंडळ्यांत काही महिन्यांच्या बायबल कोर्सवरही लोक पास्टर होतात, तेव्हा ‘पास्टर’ या शब्दावरून शिक्षणाचा अंदाज बांधू नये.

दीक्षाविधीचं आमंत्रण आलं तर दोन्हीकडे जाऊन बघाच. दोन्हीकडे डोक्यावर हात ठेवले जातात. फादर होणारा त्याआधी वेदीपुढे पालथा, जमिनीला कपाळ टेकून पडतो आणि वर संतांची नावं एकेक करून गायली जातात. पहिल्या बाकावर आई पदराने डोळे पुसत असते. पाळकाच्या दीक्षेला त्याच बाकावर बायको असते, आणि मांडीवरचं पोर नेमकं तेव्हाच ‘पप्पा’ म्हणून ओरडतं.