माझदा आरएक्स-७ एफडी : जुनी गाडी घेणे, सांभाळणे आणि तीत फेरफार करणे

माझदा या जपानी कंपनीच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारची ही तिसरी आणि शेवटची पिढी होय. हिचा चॅसिस क्रमांक एफडी३एस या अक्षरांनी सुरू होतो, म्हणून मालक आणि मेकॅनिक हिला ‘एफडी’ एवढेच म्हणतात. १९९१ च्या अखेरीस ती जपानमध्ये विक्रीस आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अमेरिकेत ती १९९३ ते १९९५ या तीनच मॉडेल वर्षांत अधिकृतपणे विकली गेली. त्यामुळे जपानबाहेर आज दिसणाऱ्या एफडी गाड्यांत मागाहून आयात झालेल्या वापरलेल्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. सुमारे १,२५० ते १,३०० किलोग्रॅम वजन, पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान भार, चारही चाकांना ॲल्युमिनियमचे डबल विशबोन सस्पेन्शन आणि पुढच्या आसाच्या मागे सरकवून बसवलेले लहानसे रोटरी इंजिन यांमुळे ती वळणावर ज्या सहजतेने हाताळता येते, ती सहजता तिच्या काळातल्या फार थोड्या गाड्यांत आढळते. बाजारातली प्रत्येक एफडी आता दोन दशकांहून जुनी आहे. ती घेणारा माणूस खरे तर गाडी आणि इंजिन अशा दोन वस्तू वेगवेगळ्या पारखून घेत असतो, कारण दोघांचे आयुष्य वेगळे असते आणि दोघांच्या खोडीही वेगळ्या असतात.

इंजिन : एफडीमध्ये १३बी-आरईडब्ल्यू हे दोन रोटरांचे इंजिन आहे. प्रत्येक रोटरची क्षमता ६५४ घन सेंटीमीटर, म्हणजे एकूण १,३०८ घन सेंटीमीटर भरते. पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट यांतले काहीही त्यात नसते. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलाकार हाउसिंगमध्ये फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर आळीपाळीने हवा खेचणे, दाबणे, जाळणे व बाहेर टाकणे ही कामे होतात. रोटरची एक फेरी होते तेव्हा मुख्य शाफ्टच्या तीन होतात. रोटरच्या तिन्ही टोकांवर बसवलेल्या पातळ धातूपट्ट्यांना एपेक्स सील म्हणतात. पिस्टनच्या इंजिनात रिंग जे काम करते तेच काम त्या करतात आणि इंजिनाचे आयुष्य मुख्यतः त्यांच्यावर ठरते. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या एनएसयू कंपनीकडून माझदाने १९६१ मध्ये या इंजिनाचा परवाना घेतला. तेव्हा हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर सीलमुळे उमटणाऱ्या ओरखड्यांनी केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांना जेरीस आणले होते. त्या खुणांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. त्यावर तोडगा निघाल्यावर १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरांच्या ७८७बी या गाडीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. एफडी त्याच वर्षीची आहे.

या इंजिनातला बहुतेक बिघाड शेवटी उष्णतेपाशी येऊन थांबतो. पिस्टनच्या इंजिनात स्फोटानंतर त्याच जागी थंड हवा येते आणि भिंतींना थोडी उसंत मिळते. रोटरीत मात्र ज्वलन कायम हाउसिंगच्या एकाच बाजूला होते आणि थंड हवा कायम दुसऱ्या बाजूने येते, त्यामुळे एकच भाग सतत तापतो व धातू असमान प्रसरण पावतो. शिवाय रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचे आणि त्यांच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या प्लेट बिडाच्या असतात. या दोन धातूंच्या सांध्यात बसवलेले, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी अडवणारे रबरी सील प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर ताणले जातात. एकदा जरी इंजिन अति तापले तरी ते सील जळतात, पाणी ज्वलनकक्षात शिरू लागते आणि इंजिन खोलण्यावाचून मार्ग उरत नाही. बाहेर पडणारा धूर व वायूही अतिशय तप्त असतात. बोनेटखालचे रबरी पाइप, प्लॅस्टिकच्या टाक्या, वायरींचे कनेक्टर वर्षानुवर्षे त्या धगीत भाजून काचेसारखे ठिसूळ होतात.

एफडीच्या दुहेरी टर्बोची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या दोन पंपांची, रचना या बाबतीत विशेष नाजूक आहे. हिताची कंपनीचे दोन टर्बो एकापाठोपाठ काम करतात. कमी वेगात पहिला एकटा दाब देतो आणि मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. मूळ गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक) असतो, हस्तांतराच्या क्षणी तो ८ च्या जवळ उतरतो आणि पुन्हा १० वर येतो. हा सगळा खेळ अनेक सोलेनॉइड, व्हॉल्व्ह आणि बारीक व्हॅक्यूम पाइपांच्या जाळ्यावर चालतो. त्यातला एखादा पाइप तडकला तरी दुसरा टर्बो उशिरा येतो, कधी येतच नाही, किंवा दाब नको तितका चढतो. १९९६ पासूनच्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण करणारा १६ बिटांचा संगणक आला आणि पाइपांची मांडणी सोपी झाली. १९९९ पासूनच्या गाड्यांत समोरची हवेची तोंडे व रेडिएटर मोठे झाले. जपानी बाजारातल्या गाडीची शक्ती सुरुवातीला २५५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होती. ती मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत १९९६ मध्ये २६५ आणि १९९९ मध्ये वरच्या प्रकारांत २८० पीएस झाली. २००२ मध्ये स्पिरिट आर या नावाने काढलेली १,५०० गाड्यांची अखेरची आवृत्ती संग्राहकांत सर्वांत महाग विकली जाते. रोज चालवायची गाडी हवी असलेल्याने मात्र नावापेक्षा १९९६ नंतरची साधी पण चांगली राखलेली गाडी शोधावी, कारण पाइपांच्या जाळ्याचा त्रास तिथे कमी असतो.

खरेदी : पिस्टनच्या गाडीत किलोमीटरच्या आकड्यावरून इंजिनाचा जो अंदाज बांधता येतो तो इथे बांधता येत नाही. ४०,००० किलोमीटर चाललेली पण वर्षानुवर्षे नुसती उभी असलेली गाडी, जाणत्या मेकॅनिकने नुकतेच इंजिन बांधलेल्या १,२०,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा पुष्कळदा अधिक धोक्याची ठरते. म्हणून कॉम्प्रेशनची, म्हणजे ज्वलनकक्षात हवा किती दाबली जाते याची, तपासणी हा खरेदीचा कणा आहे. ती गरम इंजिनावर करावी लागते. इंधन व प्रज्वलन बंद करून प्लग काढतात, त्या भोकात गेज बसवतात आणि स्टार्टरवर इंजिन फिरवतात. रोटरला तीन बाजू असल्याने एका फेरीत तीन ठोके मिळतात. साधे पिस्टनचे गेज फक्त सर्वांत मोठा आकडा धरून ठेवते आणि दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तिसऱ्या बाजूच्या जोरावर इंजिन निरोगी दाखवते. म्हणून रोटरीसाठीचे खास उपकरण वापरतात. ते तिन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्र दाखवते आणि ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या प्रमाणवेगावर आणून वाचायचे असतात, नाहीतर ताज्या बॅटरीच्या जोरावर फिरलेले थकलेले इंजिनही चांगले भासते. उपकरण नसेल तेव्हा जाणता मेकॅनिक प्लगच्या भोकाशी कान देतो. ‘फस्-फस्-फस्’ असे तीन सारखे फुत्कार आले तर ठीक. ‘फस्-फस्’ आणि मग रिकामी जागा असा ताल आला तर त्या बाजूचा एखादा सील तुटलेला किंवा अडकलेला असतो. तिन्ही आकडे थोडे कमी पण सारखे असणे हे एक उंच आणि दोन खाली असण्यापेक्षा बरे.

त्याखेरीज थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत गाडी सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर थंड होईपर्यंत थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. थंड इंजिन सुरू होताना पांढरा गोडसर वासाचा धूर निघणे, रेडिएटरचे झाकण उघडल्यावर कूलंटमध्ये बुडबुडे येत राहणे, कूलंट वरचेवर कमी होणे ही कूलंट सील गेल्याची लक्षणे होत. उलट चांगले तापलेले इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागत असेल, तर कॉम्प्रेशन संपत आले आहे असे समजावे. कूलंटमधली हवा वेगळी करणारी मूळ प्लॅस्टिकची टाकी अजून जागेवर असेल तर तिच्या शिवणी बारकाईने पाहाव्यात. ती फुटून इंजिन तापल्याची आणि शेकडो डॉलरांच्या ऐवजी हजारो डॉलरांचे काम निघाल्याची उदाहरणे या गाडीच्या मालकांत सर्वश्रुत आहेत. इंधनाच्या रेलवरचा, दाबातले हेलकावे शमवणारा पल्सेशन डॅम्पर जुना झाला की झिरपतो आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडून आग लागू शकते. म्हणून पेट्रोलचा वास हे सबब ऐकून सोडून देण्याचे लक्षण नव्हे.

जपानमधून गाडी मागवणारा माणूस सहसा लिलावाच्या तपासणीपत्रकावर विसंबतो. त्यावर ५, ४.५, ४, ३.५ अशी श्रेणी दिलेली असते आणि चौकटीला इजा होऊन दुरुस्त झालेल्या गाडीवर आर हे अक्षर येते. गाडीच्या आकृतीवर ओरखडे, पोचे, गंज व बदललेले पत्रे यांच्या खुणा असतात. पत्रकाची ही शिस्त कौतुकास्पद आहे, मात्र तपासनीस सहसा कॉम्प्रेशन मोजत नाही. पत्र्याने साडेचार श्रेणीची असलेली गाडी इंजिनाने मोडीत निघालेली असू शकते. जपानच्या बर्फाळ प्रदेशात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे वाढलेल्या गाडीचा तळ उचलून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

निगा : मालकी सुखाची करणाऱ्या सवयी साध्या आहेत, पण त्यांत खंड चालत नाही. इंजिन स्वतःच थोडे ऑईल ज्वलनकक्षात सोडते, कारण सीलना वंगण मिळण्याचा तोच मार्ग आहे. त्यामुळे ऑईलची पातळी पेट्रोल भरताना दर खेपेस पाहावी लागते आणि ते सुमारे ५,००० किलोमीटरच्या आत बदलावे लागते. पुष्कळ मालक टाकीत टू-स्ट्रोक ऑईलही थोडे मिसळतात. थंड इंजिन सुरू करून, गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करणे ही रोटरीला सर्वांत घातक सवय आहे. न जळालेले पेट्रोल भिंतींवरचा ऑईलचा थर धुऊन टाकते, कॉम्प्रेशन नाहीसे होते आणि गाडी मग सुरूच होत नाही. गॅरेजात जागा करण्यासाठी तिला हलवायचे असेल तर ढकलावी, किंवा सुरू केल्यावर पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवावी. डॅशबोर्डवरचा मूळ तापमानकाटा मधल्या मोठ्या टप्प्यात जागचा हलतच नाही आणि तो वर सरकेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. वेगळे कूलंट तापमान-गेज म्हणूनच सर्वांत आधी बसवावे.

जपानमध्ये वाहनकरासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतात. एफडी त्यामुळे १,९६२ घन सेंटीमीटरची मानली जाते आणि दोन लिटरच्या आतल्या गटात बसते. १३ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर मात्र सुमारे १५ टक्के वाढीव कर आहे. सुट्या भागांची चिंता अलीकडे थोडी हलकी झाली आहे, कारण माझदाने २०२० च्या अखेरीपासून आरएक्स-७ च्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे काही बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले.

फेरफार : एफडी जितकी सहज वेगवान करता येते तितक्याच सहज तिचे इंजिन उडते, आणि दोन्हींचे कारण एकच आहे. मूळ गाडीत टर्बोनंतर लगेच एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तो वायूंची वाट अडवतो आणि बोनेटखाली उष्णता कोंडतो. तो काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोतून वायू बाहेर नेणारा पाइप) लावला, त्यात मोकळा सायलेन्सर आणि मोकळे एअर फिल्टर यांची भर पडली, की वेस्टगेट या झडपेला जास्तीचे वायू टर्बोपासून बाजूला वळवता येत नाहीत आणि बूस्ट आपोआप चढत जातो. मूळ संगणकाचा नकाशा या दाबासाठी आखलेला नसल्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडते, अकाली स्फोट होतो आणि एपेक्स सीलचा तुकडा उडतो. तो तुकडा जाता जाता हाउसिंग खरवडतो व टर्बोची पातीही तोडतो. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते. फेरफारांचा क्रम त्यामुळे आवडीवर सोडता येत नाही. प्रथम जाड रेडिएटर, ॲल्युमिनियमची टाकी आणि सिलिकॉनचे व्हॅक्यूम पाइप, मग प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि हवा-इंधन प्रमाण दाखवणारे गेज, मग इंधनपंप व इंजेक्टर, आणि त्यानंतरच बूस्टला हात लावावा. मूळ इंजेक्टर ५५० व ८५० सीसीचे प्रत्येकी दोन आहेत. एपेक्सीचा पॉवर एफसी हा ईसीयू या गाडीसाठी इतका वापरला गेला की त्याची माहिती असलेले ट्यूनर अनेक देशांत सापडतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे दोन्ही टर्बो काढून एक मोठा बसवणे. पाइपांचे जाळे त्यामुळे जाते आणि वरच्या फेऱ्यांत प्रचंड शक्ती मिळते, पण खालच्या फेऱ्यांतला तत्पर प्रतिसादही जातो. डोंगरी रस्त्यांवर चालवणाऱ्याने तो सोडण्याआधी नीट विचार करावा. इंजिन खोलले असताना हवेची दारे घासून मोठी करणे, म्हणजे पोर्टिंग, हे रोटरीचे खास काम आहे. स्ट्रीट पोर्ट, म्हणजे दार माफक मोठे करणे, रोजच्या वापरात चालतो. मूळ दाराशेजारी आणखी एक फट कापणाऱ्या ब्रिज पोर्टने मात्र उभ्या गाडीतही धडधडणारा असमान ताल येतो, पेट्रोलचा खप वाढतो आणि आयुष्य घटते. इसामी अमेमिया यांच्या आरई अमेमियासारख्या जपानी कार्यशाळांनी या कामाला कलेचा दर्जा दिला. अमेरिकेत काही जण रोटरी काढून व्ही-८ बसवतात. गाडी त्याने चांगली धावते, पण ज्या इंजिनाभोवती तिचा सगळा तोल बेतला होता तेच निघून जाते, हे मान्य करायला हवे. मूळ स्वरूपातल्या गाड्यांना आता अधिक किंमत येत असल्याने काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपणे शहाणपणाचे असते.

कायदा : अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेली गाडी सुरक्षा-मानकांच्या अटींशिवाय आयात करता येते, त्यामुळे २००२ मध्ये बनलेल्या शेवटच्या गाड्यांना २०२७ मध्ये वाट मोकळी होईल. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम मात्र वेगळे व कडक आहेत. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांची आहे. भारतात वापरलेली गाडी ३ वर्षांहून जुनी असल्यास आयात करता येत नाही आणि येणारी गाडी मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते, म्हणून एफडी या वाटेने इथे येऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. महाराष्ट्रातून अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला स्थायिक झालेल्या आणि तिथे एफडी घेतलेल्या मालकालाही ती मायदेशी आणून इथे नोंदवण्याचा मार्ग या नियमांमुळे बंद आहे.