पेलेट अडतात कुठे?

मुंबईत शेगडी लागते ती स्वयंपाकाला. घर ऊबदार ठेवायला आग पेटवायची वेळ इथे कुणावर येत नाही. जानेवारीत पारा सोळावर आला तरी त्याची बातमी होते. तरीही दादर-गिरगावच्या काही घरांत हल्ली पेलेट स्टोव्हची, म्हणजे लाकडी भुशाच्या कांड्या जाळून घर तापवणाऱ्या शेगडीची, चर्चा चालते, कारण लेक न्यू हॅम्पशायरला असते नाहीतर भाचा मिनेसोटात. व्हिडिओ कॉलवर काचेच्या दाराआड जाळ दिसतो, सगळे कौतुक करतात, आणि ऐन थंडीत एके दिवशी तक्रार येते: "बाबा, टाकी पेलेटनी भरलेली आहे, पण खाली उतरतच नाहीयेत. मोटर गेली वाटतं."

मोटर बहुतेक वेळा गेलेली नसते. आणि हे कोडं समजायला तिकडच्या बर्फापेक्षा आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी जास्त कामाची.

आधी स्टोव्ह थोडक्यात. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाने साच्याच्या भोकांतून ढकलून केलेल्या, साधारण 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबताना भुसा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि गार झाल्यावर तेच भुशाला बांधून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. स्टोव्हच्या मागच्या बाजूला या कांड्यांची टाकी असते, तिला हॉपर म्हणतात. हॉपरच्या तळाशी एका नळीत स्क्रू फिरतो, तोही मिनिटाला मोजके फेरे, थांबत थांबत. तो कांड्या वर चढवतो आणि त्या एकेक करून आगीच्या लोखंडी वाटीत पडतात. घरगुती स्टोव्ह तासाला साधारण अर्धा ते दोन-अडीच किलो पेलेट खातो.

आता गिरणीत चला. गहू वरच्या खोक्यात ओतला की सरसर खाली जातो. गिरणीवाल्याचं तिकडे लक्षही नसतं. पण कुणी धुतलेलं, नीट न वाळलेलं धान्य आणलं की तो डबा उघडून, मुठीत घेऊन बघतो आणि परत पाठवतो. तरीही एखाद्याचं ओलसर धान्य खोक्यात गेलंच, तर चक्कीचा आवाज बदलतो, वर धान्य जसंच्या तसं दिसतं आणि तळाशी पोकळी झालेली असते. गिरणीवाला वरून दाबत नाही. तो खोक्याच्या बाजूला थाप मारतो.

ती थाप अगदी शास्त्रशुद्ध आहे. पाण्याच्या टाकीत जितकं पाणी वर, तितका तळाशी दाब जास्त. दाण्यांचं तसं नसतं. 1895 साली यान्सन या जर्मन अभियंत्याने धान्याच्या कोठाराचं गणित मांडलं. दाणे एकमेकांना रेटतात, ते रेटणं बाजूच्या भिंतीपर्यंत पोहोचतं आणि भिंतीशी होणारं घर्षण वरचं बरंचसं वजन पेलून धरतं. म्हणून ठरावीक उंचीनंतर वर कितीही भर घाला, तळाचा दाब जवळजवळ वाढत नाही. तोंडापाशी दाणे एकमेकांवर टेकून कमान धरतात तेव्हा वरून दाबणं म्हणजे त्या कमानीलाच बळ देणं. दगडी कमान वरच्या वजनाने घट्ट होते, ही तर तशीच. ती मोडते बाजूच्या धक्क्याने. न्यू हॅम्पशायरच्या लेकीने वरून आणखी अठरा किलोची पिशवी रिकामी केली, तरी उपयोग शून्य.

भोकाचं गणितही मजेदार आहे. 1961 मध्ये बेव्हरलू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भोकातून दाणे पडण्याचा वेग वरच्या ढिगाच्या उंचीवर अवलंबून नसतो. वाळूचं घड्याळ म्हणूनच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीने चालतं. भोकाच्या व्यासातून दाण्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट वजा करायचे आणि उरलेल्याचा अडीचवा घात घ्यायचा; प्रवाह त्या प्रमाणात असतो. भोकाचा व्यास दुप्पट केला की प्रवाह साडेपाचपटीहूनही जास्त होतो. आणि भोक दाण्याच्या पाच-सहापटींहून लहान असेल, तर कमान धरण्याची शक्यता झपाट्याने वाढते. हे झालं गोल दाण्यांचं. पेलेट गोल नाहीत. युरोपच्या दर्जाप्रमाणे 6 मिलिमीटर जाडीची कांडी 40 मिलिमीटरपर्यंत लांब चालते. अशा चार-पाच लांब कांड्या तोंडावर आडव्या-तिडव्या अडकल्या की झालंच काम. स्क्रू फिरत राहतो, त्याच्या पात्यांत काही पडत नाही, आग विझते.

त्याहून मोठा शत्रू भुकटी. पेलेट हाताळताना, पिशव्या आपटताना झिजतात आणि तो चुरा हॉपरच्या तळाशी, स्क्रूच्या बुडाशी साचतो. दमट हवेत तो घट्ट बसतो. लाकूड हवेतलं पाणी घेतं: सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असताना लाकडात वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी असतं, 90 टक्क्यांना ते 20 च्या आसपास जातं. चांगल्या पेलेटमध्ये 10 टक्क्यांहून जास्त पाणी नको. कांडीवर थेट पाणी पडलं तर विचारूच नका. काही मिनिटांत ती फुगून परत भुसा होते. म्हणून गॅरेजच्या ओल्या फरशीवर पिशवी ठेवणाऱ्याला दर आठवड्याला स्टोव्हशी झटापट करावी लागते. खरं तर पेलेट मोठ्या भोकाच्या चाळणीतून चाळून भरावेत. आपल्या आईने सांगितलेलं पटत नाही, पण हाच सल्ला तिकडचा दुरुस्तीवालाही पैसे घेऊन देतो.

मग मोटर कधी तपासायची? स्टोव्ह बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन, प्लग काढूनच हॉपरमध्ये हात घालायचा. बॅटरी मारून बघा: मध्ये उभं भुयार आणि कडेला पेलेट चिकटलेले दिसले, तर दोष हॉपरमधल्या ढिगाचा. ढीग ठीक असेल तर स्क्रूच्या दांड्यावर मार्करने रेघ मारा, स्टोव्ह सुरू करा आणि धीर धरून पाहा. मोटर फिरते पण रेघ हलत नाही, म्हणजे मोटर आणि दांडा यांना जोडणारा छोटा स्क्रू ढिला झालाय. मोटर गुणगुणते, दांडा जरासा हलून मागे येतो, म्हणजे पातं आणि नळी यांच्यात कांडी चेपली आहे. मोटर अगदीच गप्प असेल, तरी लगेच नवी मागवू नका.

कारण बऱ्याच स्टोव्हमध्ये मोटरची वीज सुरक्षेच्या स्विचांतून जाते. हॉपरचं झाकण नीट लागलं नाही, तर पुरवठा बंद. धुराडं राखेने तुंबलं आणि पंख्याला पुरेशी हवा ओढता आली नाही, तरी दाबाचा स्विच पुरवठा तोडतो. म्हणजे पेलेट येत नाहीत ही तक्रार खरी, पण इलाज धुराडं झाडण्याचा. हे स्विच वायर जोडून बायपास करणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नये. झाकणाचं रबर फाटलं तर हवा उलट दिशेने शिरते, आणि आग स्क्रूच्या नळीतून मागे, थेट टाकीकडे सरकू शकते. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. मोठ्या बंद कोठारात साठवलेले पेलेट तर न जळताही हा वायू सोडतात.

आपल्याकडचे पेलेट बऱ्याचदा शेतातल्या उरल्यासुरल्या काडीकचऱ्याचे असतात. त्यांत राख जास्त आणि पेंढ्यातलं पोटॅशियम सिलिकाबरोबर कमी तापमानालाच वितळतं. त्याची काचेसारखी खपली आगीच्या वाटीत बसते, हवेची भोकं बुजतात, आणि मग उलटीच तक्रार येते: पेलेट जास्त पडतायत, ढीग होतोय. प्रत्यक्षात पडतात तेवढेच, जळतात कमी. मुंबईत एखाद्या मेसच्या किचनमध्ये पेलेटचं बर्नर बसवलं, तर जुलैत दमट चुऱ्याने अडणं आणि ही खपली, दोन्ही गोष्टी एकदम भेटतील. ही खपली रोज सकाळी गार असताना खरवडायची, आणि उघडलेली पिशवी घट्ट झाकणाच्या पिंपात ओतून ठेवायची.