डब्यातले प्रमाण आणि हृदयाचे आरोग्य

ठाण्याहून फोर्टला किंवा नेरूळहून अंधेरीला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाच्या डब्यात बहुधा चार पोळ्या, वाटीभर बटाट्याची भाजी आणि वेगळ्या खणात थोडा भात असतो. हा डबा घरचा असतो, ताजा असतो, त्यात तेलही बेताचेच असते, म्हणून तो प्रकृतीला चांगलाच, असे आपण धरून चालतो. त्यातल्या पदार्थांबद्दल माझी तक्रार नाही, प्रमाणाबद्दल आहे. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे चार पोळ्यांतच १२० ग्रॅम धान्य झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात कच्च्या वजनाने दिवसभराचे धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी, कडधान्ये, अंडी, मासे वगैरे मिळून ८५ ग्रॅम असावे. आपल्या डब्यात दिवसाचे निम्मे धान्य दुपारीच संपते, डाळ-कडधान्याचा पत्ता नसतो आणि बटाटा हा पिष्टमय असल्याने तो भाजीच्या हिशेबात धरताच येत नाही.

धान्यातल्या पिष्टमय घटकांची पचनानंतर साखर होते आणि तिचा मोठा साठा स्नायूंमध्ये होतो. लोकलमध्ये बसून जाणाऱ्या आणि दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाच्या स्नायूंत ही जागा लवकर रिकामी होत नाही. उरलेल्या साखरेतून यकृत चरबी तयार करते, आणि चरबी साठलेले यकृत इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही, त्यामुळे ते गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहते. हेच यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी वाढवते, चांगले कोलेस्टेरॉल समजले जाणारे एचडीएल कमी होते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात कोलेस्टेरॉल साचायला अनुकूल स्थिती निर्माण होते. मधुमेह आणि हृदयविकार पुष्कळदा एकाच घरात, एकाच माणसाला होतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

‘मी तर बारीक आहे’ या समाधानात राहणाऱ्यांनी एक नोंद जरूर लक्षात घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. म्हणूनच आपल्याकडे वजनकाट्याइतकीच टेपही महत्त्वाची ठरते : पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर कमरेचा घेर ओलांडला की सावध व्हावे.

दुरुस्तीसाठी परदेशी बिया किंवा महागडी पावडर आणण्याची गरज नाही. दोन पोळ्या कमी करून त्या जागी मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आली, तर पोट तितकेच भरते आणि साखर सावकाश चढते. जेवताना भाजी-कोशिंबीर आधी आणि भात-पोळी नंतर खाल्ल्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या मंडईत हे सारे रोज मिळते. आपल्या आगरी-कोळी घरांतला बांगडा तर ओमेगा-३ मेदाम्लांचा उत्तम स्रोत आहे, फक्त तो तेलात बुडवून तळण्याऐवजी कालवणात घ्यावा. खारवलेली सुकी मासळी मात्र जपून खावी, कारण तिच्यात मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहूनही कमी मीठ सांगितले आहे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतलेही मीठ मोजायचे आहे.

असे बदल फळाला येतात, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ आहार आणि व्यायामाच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. उंबरठा कळण्यासाठी उपाशीपोटीची साखर तपासावी. ती डेसिलीटरमागे १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान आली, तर हा बदल त्याच आठवड्यात सुरू करावा. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी धान्य घटवण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचा डोस तपासून घ्यावा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.