पाच बिबटे की पाच वेळा एकच बिबट्या?

ठाण्यात घोडबंदर रोड किंवा वर्तकनगर भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक संदेश फिरतो: ‘येऊरच्या पायथ्याला या आठवड्यात पाच बिबटे दिसले, संख्या भरमसाट वाढली आहे.’ फेब्रुवारी २०१९ मध्ये कोरम मॉलच्या आवारात खरोखरच बिबट्या शिरला होता, त्यामुळे लोकांची भीती समजू शकते. पण बिबट्या पाच वेळा दिसला म्हणजे पाच बिबटे आहेत असं होत नाही. बिबट्या रात्रभरात कित्येक किलोमीटर हिंडतो. सोमवारी उपवनला दिसलेला आणि गुरुवारी मानपाड्याला दिसलेला प्राणी एकच असू शकतो.

बिबट्यांची खरी गणना कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने होते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि त्याची डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. आधी कोण कोण आले ते ओळखून ठेवायचं, आणि पुढच्या फोटोंमध्ये त्यांतले किती पुन्हा येतात ते पाहायचं. न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज या ‘पुन्हा’वरून बांधता येतो. परिसंस्थाशास्त्रातली ही कल्पना मला सर्वांत सुंदर वाटते. ती शिकायला बिबट्याच हवा असं नाही, गवतातले नाकतोडे पुरतात. मात्र त्यासाठी रानाजवळ मुक्काम करावा लागतो.

बीएस्सीच्या मुलांची ‘फील्ड व्हिजिट’ बहुधा अशी असते: सकाळी बस, दुपारी डबा, संध्याकाळी परत, आणि फाइलमध्ये पक्ष्यांची यादी. एवढ्यात काय काय आहे ते कळतं. किती आहे ते कळत नाही, कारण त्यासाठी त्याच जागी दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं.

समजा, पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, सहा-सात मुलं आणि एक शिक्षक एका गवताळ माळावर मुक्कामाला गेले. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथे परवानगीशिवाय काहीच पकडता येत नाही, म्हणून माळ हद्दीबाहेरचा निवडायचा आणि मालकाला विचारून घ्यायचं. पहिल्या दिवशी जाळ्याने ४० नाकतोडे पकडले. प्रत्येकावर लवकर वाळणाऱ्या, बिनविषारी रंगाचा बारीक ठिपका दिला आणि पकडले तिथेच सोडून दिले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढंच जाळं फिरवून ५० पकडले. त्यांतल्या १० जणांवर ठिपका निघाला, म्हणजे पाचातला एक खुणेचा. हेच प्रमाण सगळ्या माळाला लागू धरलं तर आपले ४० म्हणजे एकूण संख्येचा पाचवा हिस्सा. माळावर नाकतोडे सुमारे २००. सूत्र एवढंच: पहिल्या दिवशी खूण केलेले गुणिले दुसऱ्या दिवशी पकडलेले, भागिले त्यांतले खुणेचे.

लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८०२ मध्ये जन्मनोंदी वापरून याच तर्काने फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. १८९६ च्या सुमारास डेन्मार्कच्या पीटरसनने माशांवर खुणा केल्या. १९३० मध्ये अमेरिकेत लिंकनने वाळे घातलेल्या बदकांपैकी शिकाऱ्यांच्या हाती किती येतात यावरून सगळ्या बदकांचा अंदाज बांधला. पीटरसन आणि लिंकन या दोघांची नावं सूत्राला चिकटली आहेत.

पण सूत्र सोपं असलं तरी त्याच्या अटी कडक आहेत, आणि त्या माळावरच समजतात. भागाकारात खाली ‘पुन्हा सापडलेले’ आहेत. ते कुठल्याही कारणाने घटले की उत्तर फुगतं आणि वाढले की आकसतं. नाकतोड्याची पिल्लं वाढताना कात टाकतात, तेव्हा ठिपका कातीबरोबर जातो. तो नाकतोडा दुसऱ्या दिवशी कोरा दिसतो आणि अंदाज वर चढतो. म्हणून पूर्ण पंख फुटलेलेच प्रौढ निवडायचे. ठिपका भडक असून वरच्या बाजूला दिला, तर कोतवाल पक्ष्याला भक्ष्य शोधणं सोपं जातं. खुणेचे जास्त मरतात आणि पुन्हा अंदाज वर चढतो. म्हणून रंग मागच्या पायाच्या मांडीवर, आतल्या अंगाला द्यायचा. उंदरांवर हाच प्रयोग केला तर उलटंही होतं: पिंजऱ्यातल्या खाऊची चटक लागलेला उंदीर रोज आत येऊन बसतो, खुणेचेच जास्त सापडतात आणि अंदाज खाली येतो.

वेळेचंही तसंच. सोडलेले नाकतोडे बाकीच्यांत मिसळायला काही तास हवेत, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. पंधरा दिवस थांबलं तर काही मरतात, काही उडून जातात, नवे प्रौढ होतात. शिवाय सकाळी दवात भिजलेला गारठलेला नाकतोडा जागचा हलत नाही, आणि उन्हात तोच हाताला लागत नाही. दोन्ही पकडींची वेळ एक नसेल तर आपण नाकतोडे मोजत नाही, तापमान मोजतो. गट लहान ठेवायचं कारणही इथेच आहे: चाळीस जणांनी गवत तुडवलं की अर्धे नाकतोडे माळ सोडून जातात.

मुक्कामाची रात्र गप्पांची असते, आणि कुणीतरी मांडुळाचा विषय काढतंच. दोन तोंडं, गुप्तधन, लाखोंचा भाव. मांडुळाला तोंड एकच असतं. शेपटी आखूड आणि बोथट असल्यामुळे ती तोंडासारखी भासते. या खुळापायी ठाण्यात मांडुळाच्या तस्करीत लोक पकडले गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. शेतातले उंदीर खाणारा, कायद्याने संरक्षित असलेला हा बिनविषारी साप माणसाच्या अडाणी हावेपायी मरतो, याचा मला फार संताप येतो.

आता थोडं गणित. वरच्या उदाहरणात दहाऐवजी आठ खुणेचे सापडले असते तर उत्तर २५० आलं असतं, बारा सापडले असते तर १६७. नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडतो, म्हणून उत्तर एका आकड्यात न देता ‘इतके ते इतके’ अशा पट्ट्यात द्यावं. खुणेचा एकही सापडला नाही तर शून्याने भागायची वेळ येते. चॅपमनने १९५१ मध्ये त्यावर उपाय सुचवला: तिन्ही आकड्यांत एकेक मिळवायचा आणि शेवटी एक वजा करायचा. आपल्या आकड्यांना तो लावला तर २०० चे १८९ होतात.

आणि माळ ‘बंद’ नसेल, म्हणजे नाकतोडे येत-जात, मरत असतील तर? १९६५ मध्ये जॉली आणि सीबर यांनी स्वतंत्रपणे दिलेली पद्धत तिथे लागते. तिच्यात प्रत्येक फेरीचा ठिपका वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या जागी देतात. कुठला नाकतोडा कोणत्या फेऱ्यांत सापडला आणि कोणत्या फेरीत निसटला याचा इतिहास तयार होतो. त्यावरून संख्येबरोबर दोन फेऱ्यांमधला तगून राहण्याचा दरही काढता येतो, पण माळ सोडून गेलेला आणि मेलेला यांत फरक करता येत नाही. या पद्धतीसाठी किमान तीन पकडी लागतात, चार असल्या तर उत्तम. चार पकडी म्हणजे तीन रात्रींचा मुक्काम. जीवशास्त्र विभागांनी वर्षाच्या नियोजनात एका दिवसाच्या तीन सहलींऐवजी तेवढा एक मुक्काम मागून घ्यावा.