किनारी ट्रॅम, बेल्जियम

बेल्जियमच्या उत्तर समुद्राकाठी, जवळजवळ संपूर्ण किनारपट्टीला समांतर धावणारा ट्रॅममार्ग. डच नाव ‘कुस्टट्राम’. नेदरलँड्सच्या हद्दीजवळील क्नोके ते फ्रान्सच्या सीमेलगतचे डे पाने अशी त्याची लांबी सु. 67 किमी. असून जगातील सर्वांत लांब ट्रॅममार्गांत त्याची गणना होते. सलग प्रवासाला सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

ऑस्टेंड–न्यूपोर्ट हा पहिला टप्पा 1885 मध्ये वाफेच्या इंजिनावर सुरू झाला. रूळ मीटरगेज. पुढे मार्ग दोन्ही बाजूंना वाढला आणि त्याचे विद्युतीकरण झाले. बेल्जियमभर पसरलेल्या अशा ग्रामीण ट्रॅम विसाव्या शतकात बसगाड्यांपुढे मागे पडल्या. हा मार्ग मात्र टिकला. 1991 पासून तो फ्लँडर्स या बेल्जियमच्या डचभाषक प्रदेशातील ‘डे लाइन’ या सार्वजनिक परिवहन संस्थेकडे आहे. कामावर जाणारे, शाळकरी मुले आणि वाळूने माखलेली बादली-फावडी घेतलेली कुटुंबे एकाच डब्यात बसतात, हेच या ट्रॅमचे खरे वैशिष्ट्य.

खिडकीतून सतत समुद्र दिसेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. बऱ्याच ठिकाणी उंच इमारतींच्या रांगा आड येतात. ऑस्टेंड ते मिडेलकेर्के या पट्ट्यात रूळ अगदी पाण्यालगत येतात. सबंध मार्गातला हा सर्वांत देखणा भाग. म्हणून दिवसभराचा पास काढून वाटेत उतरत जाणे उत्तम.

डे हान येथे जुन्या पांढऱ्या बंगल्यांची वसाहत जपलेली आहे. जर्मनी सोडल्यानंतर अल्बर्ट आइन्स्टाइन 1933 मध्ये काही महिने इथे राहिले होते. ऑस्टेंडमध्ये चित्रकार जेम्स एन्सॉर यांचे घर, तर रावर्सैडे येथे दोन्ही महायुद्धांतील जर्मन तटबंदी पाहता येते. न्यूपोर्टला थांबावेच. ऑक्टोबर 1914 मध्ये येथील जलद्वारे उघडून समुद्राचे पाणी इझर नदीच्या खोऱ्यात सोडण्यात आले आणि जर्मन सैन्याची आगेकूच तिथेच अडली. ती जलद्वारे बेल्जियमचा राजा पहिला अल्बर्ट याच्या स्मारकाशेजारीच आहेत.

ऑस्टडाउनकेर्के येथे घोड्यावरून कोळंबी धरण्याची परंपरा चालू आहे. ओहोटीच्या वेळी धिप्पाड ब्राबांट जातीचा घोडा छातीभर पाण्यात किनाऱ्याला समांतर चालतो. मागे नरसाळ्याच्या आकाराचे जाळे असते. दोन फळ्या त्याचे तोंड उघडे ठेवतात. वाळूवरून घासत जाणाऱ्या साखळीच्या हादऱ्याने कोळंबी उसळून जाळ्यात येते आणि घोड्याच्या दोन्ही अंगांच्या टोपल्यांत भरली जाते. युनेस्कोने 2013 मध्ये या परंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

डे पाने येथे पुळण रुंद आहे. ओहोटीला तिच्यावर शिडाच्या चाकगाड्या पळवतात. बेल्जियमचा पहिला राजा लिओपोल्ड 1831 मध्ये याच किनाऱ्यावरून देशात आला. ट्रॅमचा शेवटचा थांबा रेल्वे स्थानकापाशी असल्याने तिथून आगगाडीने गेंट शहराकडे जाता येते.